पाण्याचे पटल आणि पटलाचे पाणी

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले किन्हीराजा हे गाव बालाघाटावर, म्हणजे वऱ्हाडच्या पठारी भागात येते. शेतात कपाशी, सोयाबीन, तूर. मातीखाली काळा कातळ. अशा कोणत्याही गावात आज लग्नकार्य निघाले की मांडवात माठ-रांजणांच्या जागी थंड पाण्याचे जार येऊन बसतात. हे पाणी 'फिल्टरचे' असते. म्हणजे एका पातळ पडद्यातून ते दाबाने ढकललेले असते. दुरुस्तीला येणारा मेकॅनिक या पडद्याला मेम्ब्रेन म्हणतो, आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला अर्धपार्य पटल म्हटले आहे. आपण नुसते पटल म्हणू.

जारच्या पाण्याबद्दल गावात बरीच चर्चा होते. चव कशी आहे, मशीन केवढ्याला पडले, किती पाणी नालीत जाते वगैरे. ते पटल कशाचे आहे, ते कारखान्यात कसे बनते आणि बनताना तिथल्या पाण्याचे काय होते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वर्गातल्या एखाद्या चौकस मुलीने उद्या हा प्रश्न विचारलाच, तर सांगता यावे एवढी माहिती आम्ही इथे देत आहोत.

पाणी कापडाने गाळण्याची रीत आपल्याला नवी नाही. जुनी सुती साडी धुऊन धुऊन मऊ झालेली असते, तिचे धागे फुगून छिद्रे लहान झालेली असतात. अशी साडी चार ते आठ पदरी केली की छिद्र सुमारे २० मायक्रॉनचे होते. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड.) रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांना अशा साडीने पाणी गाळायला शिकवले. कॉलऱ्याचे रुग्ण त्यामुळे जवळजवळ निम्म्याने घटले, हे त्यांनी २००३ साली प्रसिद्ध केले. गंमत अशी, की कॉलऱ्याचा जंतू एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे साडीतून सहज निसटेल इतका लहान असतो. पण पाण्यात तो बहुधा बारीक प्लवकांना चिकटून राहतो, आणि प्लवक साडीत अडकतात.

मोकळा जंतू अडवायचा तर छिद्र मायक्रॉनपेक्षा लहान हवे. विषाणूसाठी ते मायक्रॉनच्या शंभराव्या भागाच्या आसपास हवे. एवढे बारीक कापड कोणत्याही मागावर विणता येणार नाही, की कोणत्याही सुईने इतके लहान भोक पाडता येणार नाही. मग ही छिद्रे येतात कुठून?

छिद्रे पडतात कशी?

एक सोपा प्रयोग वर्गात करून पाहा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या आणि त्यात डेटॉलसारख्या जंतुनाशकाचे चार थेंब टाका. बाटलीतले द्रव पारदर्शक, पाणीही पारदर्शक; पण दोन्ही एकत्र येताच पेला दुधासारखा पांढरा होतो. असे का व्हावे? बाटलीत तेलकट पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळून बसलेला असतो. पाणी मिळताच अल्कोहोल त्याला सोडून पाण्यात मिसळते. तेलकट पदार्थाला पाण्यात विरघळता येत नाही, म्हणून तो असंख्य बारीक थेंबांच्या रूपाने वेगळा होतो. एका पारदर्शक द्रावणाच्या अशा दोन अवस्था झाल्या.

बहुतेक पटले याच युक्तीने बनतात. पॉलिसल्फोनसारखे एखादे बहुवारिक, म्हणजे पॉलिमर, योग्य द्रावकात विरघळवतात. मधासारखे घट्ट द्रावण तयार होते. ते काचेवर किंवा कापडावर पात्याने पसरवायचे आणि तो थर लगेच पाण्याच्या टाकीत बुडवायचा. द्रावक थरातून बाहेर पाण्यात जाऊ लागतो, पाणी आत शिरू लागते. काही सेकंदांत पॉलिमरचा साका धरतो. पण हा साका सुटा होत नाही, त्याची सलग जाळी बनते. ज्या जागी द्रावक आणि पाणी होते तिथे पोकळ्या राहतात. पाण्याला प्रथम भिडलेल्या वरच्या बाजूला साका फार झपाट्याने धरतो, म्हणून तिथे घट्ट आणि बारीक छिद्रांची साय येते. खाली मोठ्या पोकळ्यांचा मोकळा थर राहतो. गाळण्याचे काम साय करते, खालचा थर तिला नुसता आधार देतो. साय पातळ असल्यामुळे पाणी भराभर पार होते. या रचनेत आम्हांला खरोखर कौतुक वाटावे असे बरेच काही आहे.

हे सुरुवातीला ज्यांनी साधले त्यांपैकी एक भारतात जन्मलेले होते. श्रीनिवास सौरिराजन आणि सिडनी लोब या दोघांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत १९५९-६० च्या सुमारास असे साय असलेले पटल तयार केले. खारे पाणी गोडे करण्याला त्यामुळे व्यवहारात अर्थ आला. पुढे कॅलिफोर्नियातल्याच कोलिंगा गावात १९६५ साली या तंत्रावर पिण्याच्या पाण्याचा प्रकल्प उभा राहिला.

क्षार अडवणाऱ्या आजच्या आरओ पटलात या थरावर आणखी एक थर चढवतात. एक रसायन पाण्यात, दुसरे हेक्झेनसारख्या तेलकट द्रवात. दोन्ही द्रव जिथे भेटतात त्या सीमेवर क्षणात पॉलिअमाइडचा पापुद्रा धरतो. त्याची जाडी मायक्रॉनच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढी. १९७० नंतरच्या दशकात जॉन कॅडॉट यांनी ही पद्धत रूढ केली. पॉलिअमाइड म्हणजे नायलॉनचाच भाऊबंद.

आपल्याकडेही हे काम चांगले झाले आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिसल्फोनच्या पटलाचे, विजेशिवाय चालणारे घरगुती शुद्धीकरण यंत्र तयार करून त्याचे तंत्र उद्योजकांना दिले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिअॅक्रिलोनायट्राइलच्या पटलांवर संशोधन झाले. नाव अवघड असले तरी हा पदार्थ घरोघर आहे: स्वेटरची अॅक्रिलिक लोकर मुख्यतः त्याचीच असते.

टाकीतल्या पाण्याचे काय?

आता हिशेब करू. पसरवायच्या द्रावणात शंभर ग्रॅमला साधारण १८ ग्रॅम पॉलिमर आणि ८२ ग्रॅम द्रावक असतो असे धरा. पटलात राहतो तो पॉलिमर. ८२ ग्रॅम द्रावकाचे पटलात काहीच काम उरत नाही; तो सगळा टाकीत उतरतो. थर ०.२ मिलिमीटर जाड पसरला, तर एक चौरस मीटर पटलाला सुमारे २०० ग्रॅम द्रावण लागेल, म्हणजे सुमारे १६४ ग्रॅम द्रावक पाण्यात जाईल. आकडा फार मोठा वाटत नाही. पण छिद्रांत अडकलेला शेवटचा अंश निघेपर्यंत पटल पुन्हा पुन्हा धुवावे लागते आणि खरा खर्च त्या धुण्याच्या पाण्याचा असतो. मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली जगभरच्या पटल-उद्योगाचा अंदाज मांडला. द्रावकाने दूषित झालेले वर्षाला ५००० कोटी लिटरहून अधिक पाणी या उद्योगातून बाहेर पडते, आणि पटल बनवताना जो काही कचरा होतो त्याच्या ९५ टक्क्यांहून जास्त हे पाणीच असते. जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. त्या मापाने, पाच हजार वस्तीच्या पाचशे गावांना ते वर्षभर पुरले असते. आकडेमोड मुलांकडून करून घ्यावी.

वापरात असलेले नेहमीचे द्रावक दोन: डायमिथिल फॉर्मामाइड आणि एन-मिथिल पायरोलिडोन. दोन्ही पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतात, बऱ्याच पॉलिमरांना विरघळवतात, म्हणून कारखान्यांना सोयीचे. पण दोन्ही गर्भाला अपायकारक मानले जातात. पहिला यकृतालाही बाधतो आणि तो हातमोज्यांशिवाय हाताळला तर कातडीतूनही शरीरात जातो. युरोपीय संघाने कामगारांच्या संपर्कावर कडक मर्यादा घातल्या: दुसऱ्यावरच्या मे २०२० पासून, पहिल्यावरच्या डिसेंबर २०२३ पासून. ही सरसकट बंदी नव्हे. कामाच्या जागी हवेत आणि कातडीवर किती चालेल, याची ती सीमा आहे. आमच्या मते हा मुद्दा पाण्याइतकाच महत्त्वाचा आहे. फिल्टरचे पाणी पिणाऱ्याला त्या द्रावकाची बाधा होत नाही. ती होते टाकीशी उभ्या असलेल्या माणसाला.

मग द्रावक परत काढून का घेत नाहीत? इथे उकळबिंदूचा धडा उपयोगी पडतो. पाणी १०० अंशांना उकळते, डायमिथिल फॉर्मामाइड १५३ ला आणि एन-मिथिल पायरोलिडोन २०२ ला. म्हणजे ऊर्ध्वपातन करायचे तर आधी पाणी उडवावे लागणार. शंभर किलो टाकीच्या पाण्यात दोन किलो द्रावक असेल तर अठ्ठ्याण्णव किलो पाण्याची वाफ करायची. पाण्याच्या बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता किलोमागे २२६० किलोज्यूल; गुणाकार केला की सुमारे २ लाख २१ हजार किलोज्यूल, म्हणजे एकसष्ट युनिट वीज. तीही पाणी आधीच उकळत आहे असे धरून, आणि हाती येणार दोन किलो द्रावक. वाफेची उष्णता पुन्हा वापरून हा खर्च बराच कमी करतात, तरी पाणी जितके पातळ तितके ते महाग पडते, हे बदलत नाही.

कपाशीकडे पुन्हा

आता थोडे मागे जाऊ. लोब आणि सौरिराजन यांचे पटल पॉलिसल्फोनचे नव्हते, सेल्युलोज अॅसिटेटचे होते. सेल्युलोज म्हणजे झाडांचा सांगाडा, आणि निसर्गात ते जवळजवळ शुद्ध रूपात कुठे मिळत असेल तर कापसात. जिनिंगमध्ये रुई निघाली तरी सरकीवर बारीक लव उरते. ही लव सेल्युलोज अॅसिटेटचा एक उत्तम कच्चा माल आहे. किन्हीराजाच्या शिवारातून दर हंगामात जी सरकी बाहेर जाते, तिच्या अंगावर पटलाचा पहिला कच्चा माल असतो, असे म्हणायला हरकत नाही.

शिवाय त्या दोघांचा मुख्य द्रावक अॅसिटोन होता. तो ५६ अंशांना उकळतो, म्हणून पाण्याआधी उडतो आणि परत मिळवायला सोपा. पेट घेतो हा दोष आहेच, पण गर्भाला घातक म्हणून त्याची गणना नाही. मग उद्योगाने ही वाट सोडली का?

कारण कापसाचा जो गुण, तोच पटलाचा अवगुण ठरला. सेल्युलोज जंतूंना खाता येते. शेतात पडलेला कापूस कुजतो हे चांगलेच. पण पाण्यात बुडालेले पटल जंतूंनी खाल्ले तर त्याला भोके पडतात. आम्लता किंवा अल्कता थोडी वाढली तरी अॅसिटेट हळूहळू तुटते. जास्त दाबाखाली ते चेपते, मग पाणी कमी येते. पॉलिअमाइडला यातले फारसे काही होत नाही आणि ते क्षारही जास्त अडवते. (क्लोरीनचे मात्र त्याला वावडे, तिथे अॅसिटेट सरस.) म्हणून पॉलिअमाइड पुढे गेले. 'नैसर्गिक ते चांगले' असे फळ्यावर लिहून मोकळे होता येत नाही, ते यासाठी. जे पटल दोन वर्षांऐवजी सहा महिन्यांत बाद होईल, ते चार वेळा बनवावे लागेल आणि चार वेळा धुवावे लागेल.

तरीही शोध थांबलेला नाही. पहिला प्रयत्न नुसता द्रावक बदलण्याचा आहे. डायमिथिल सल्फॉक्साइड हा लाकडाच्या लगद्याच्या उद्योगातल्या जोड-उत्पादनापासून मिळू शकतो, त्याची विषबाधा कमी आणि पॉलिअॅक्रिलोनायट्राइल त्यात छान विरघळते. अडचण एक: तो १८.५ अंशांखाली गोठतो. वाशीमकडच्या हिवाळी सकाळी त्याचा डबा दगड होऊन बसेल! सेल्युलोजपासूनच बनणारा सायरीन आणि शेतातल्या काडीकचऱ्यापासून बनू शकणारा गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोन हेही प्रयोगशाळांत वापरून पाहिले जात आहेत. त्यांत द्रावण फार घट्ट होते, छिद्रे वेगळी पडतात आणि दरवेळी कृती नव्याने बसवावी लागते. हे द्रावक आले की टाकीशेजारच्या माणसाचा धोका खूप कमी होतो, हा मोठाच लाभ. धुण्याचे पाणी मात्र तेवढेच लागते. जाहिरातीत 'हरित द्रावक' हा शब्द दिसला तर एवढे लक्षात असू द्यावे.

दुसरा प्रयत्न आम्हांला अधिक मुळाशी जाणारा वाटतो: पाण्यालाच द्रावक करायचे. हे कसे शक्य आहे? दुधात लिंबू पिळले की दूध फाटते. दुधातले प्रथिन दुधाच्या नेहमीच्या आम्लतेला पाण्यात पसरून राहते, आम्लता वाढली की एकत्र येऊन साका होते. काही पॉलिमर असेच वागतात. ते एका आम्लतेला, किंवा पाण्यात भरपूर मीठ असताना, विरघळतात; आम्लता बदलली किंवा मीठ कमी झाले की साका धरतात. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात अशा पॉलिमरांपासून, सेंद्रिय द्रावक न वापरता, पटले तयार झाली आहेत. टाकीत द्रावकाऐवजी मीठ आणि थोडे आम्ल उतरते. हे काम अजून प्रयोगशाळेपासून फार दूर गेलेले नाही.

कायटोसान हे याच जातीचे नैसर्गिक उदाहरण. कोकणात कोळंबी सोलली की टरफले उरतात. त्यांतल्या कायटिनपासून ते बनते. पातळ व्हिनेगरमध्ये विरघळते आणि सोड्याच्या द्रावणात बुडवले की पडद्यासारखे धरते. पण टरफलांपासून कायटोसान काढायला तीव्र आम्ल आणि गरम कॉस्टिक सोडा लागतो, त्याचे सांडपाणी वेगळेच. आणि ओले झाले की हा पडदा नरम पडतो, आरओच्या दाबाला टिकत नाही.

कापसाचीही गोष्ट तिथे संपलेली नाही. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापसाच्या तंत्रज्ञानावर काम करणारी संस्था आहे. आज ती केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथे २०१५ साली नॅनोसेल्युलोज बनवण्याचे प्रायोगिक संयंत्र सुरू झाले. सेल्युलोज न विरघळवता त्याचे तंतू फोडत फोडत मायक्रॉनच्याही खाली न्यायचे, अशी ही कल्पना. असे तंतू पाण्यात कालवून कागदासारखे निथळले तर बारीक छिद्रांचा ताव तयार होतो, द्रावक लागत नाही. त्या संयंत्रातला माल पटलासाठीच आहे असे मात्र नव्हे. कागद, मिश्र-पदार्थ असे त्याचे अनेक उपयोग आहेत. तंतू फोडायला वीजही बरीच खर्च होते.

याच्या शेजारी पुण्यातले एक जुने उदाहरण ठेवावेसे वाटते. टाटा संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेपासून पाणी गाळण्याचे माध्यम तयार झाले आणि त्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण घालून बनवलेला घरगुती फिल्टर २००९ साली बाजारात आला. हे पटल नव्हे, कणांचा थर आहे. पण जंतूंपुरता प्रश्न असेल तर पटल लागतेच असे नाही, हे त्यावरून दिसते.

बाद झालेल्या पटलाचाही विचार व्हायला हवा. आपल्याकडे मेकॅनिक जुने मेम्ब्रेन काढतो आणि ते कचऱ्यात जाते. पॉलिअमाइडला क्लोरीनचे वावडे असते हे वर आलेच आहे. स्पेनमधल्या संशोधकांनी त्याचाच उपयोग केला. बाद आरओ पटल ब्लीचच्या द्रावणात ठेवले की वरचा पॉलिअमाइडचा पापुद्रा नष्ट होतो आणि खालचा पॉलिसल्फोनचा थर शाबूत राहतो. तो आता क्षार अडवणार नाही, पण गाळ आणि जंतू अडवण्याच्या कामी येतो. नवा द्रावक नाही, नवी टाकी नाही. (हा प्रयोग घरी करून ते पाणी पिऊ नये, पटल नीट तपासावे लागते.)

शेवटी गावातला प्रश्न उरतो: आरओ लागते कुठे? घाट उतरून खाली पयनघाटात, पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांचा खारपाणपट्टा आहे. तिथले भूजल खारट, पिणे अशक्य. नदी-धरणाचे पाणी पोचत नसेल तिथे क्षार अडवणारे पटल ही गरज आहे. बालाघाटावर कातळातल्या बोअरचे पाणी जड, म्हणजे दुष्फेन, असू शकते. पण जड आणि खारट एक नव्हे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या एकूण क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालते. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये, पाण्यात ५०० पेक्षा कमी क्षार असतील तिथे आरओ वापरू देऊ नये, असे म्हटले होते ते याच आकड्याला धरून.

क्षार मोजायचे पेनाएवढे मीटर आता काहीशे रुपयांत मिळते. शाळेने एक घ्यावे. मुलांनी घरची विहीर, बोअर, नळयोजना, जार आणि आरओच्या नळीतून नालीत जाणारे पाणी अशा पाच बाटल्या आणाव्यात आणि आकडे फळ्यावर मांडावेत. मीटर जंतू दाखवत नाही, नायट्रेट किंवा फ्लोराइड वेगळे करून दाखवत नाही, हे मुलांना आधीच सांगावे. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर असे दोनदा मोजले तर एकाच बोअरचे दोन वेगळे आकडे मिळण्याची शक्यता आहे, आणि ते का, यावर आणखी एक तास सहज जाईल.